कोणाचा दावा असल्यास

घर कसं घ्यावं याबद्दल मी लिहिणं खरं तर बरोबर नाही, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्याकडे अजून स्वतःचं घर नाही. मी वकील नाही. कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मला एखादी गोष्ट खरंच कळली की नुसतीच कळल्यासारखी वाटली, हे तपासून सांगणारं घरात कोणी नाही. तरीही लिहितो. घर घेताना जे टप्पे असतात त्यांतल्या एका टप्प्यावर आमच्या बाबतीत जे झालं, ते मी आजवर मित्रांनाही नीट सांगू शकलेलो नाही. सांगायला लागलं की हसू येतं त्यांना. मग मीही हसतो आणि विषय बदलतो.

आम्ही तिघं. बाबा शाळेची बस चालवतात, आई ब्लाउज शिवते. तेव्हा आम्ही घाटकोपरला डोंगरावर भाड्याच्या खोलीत राहायचो. भाड्याची खोली म्हणजे अकरा महिन्यांचा करार, आणि मालकाच्या मनात आलं की दुसरी खोली. माझ्या आठवणीत आईची शिलाई मशीन जितक्या वेळा डोक्यावरून उतरली आणि चढली, तितक्या वेळा आम्ही गावालासुद्धा गेलो नसू. आईचं एकच म्हणणं असायचं, "मशीन एकदा भिंतीला लावली की परत हलवायची नाही, असं घर बघा. बाकी मला काही नको." त्या वर्षी मालकाने सांगितलं की मुलाचं लग्न ठरलंय, करार संपला की खोली लागेल. तेव्हा बाबांनी पहिल्यांदा ठरवलं की आता विकतच घ्यायचं. बँकेने कर्जाला तोंडी होकार दिला. राहिलं घर शोधणं.

कागद सगळे माझ्याकडे यायचे. "तू वाच रे," बाबा म्हणायचे, आणि कागद असा पुढे करायचे की जणू तो गरम आहे.

मला वाटायचं, घर बघायचं, पैसे भरायचे, किल्ली घ्यायची. ते तसं नसतं हे मला दिंडोशी कोर्टाजवळच्या वकीलबाईंनी शिकवलं. झेरॉक्सच्या दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस होतं. वय फार नव्हतं त्यांचं, पण बोलणं एकदम तोडून टाकणारं.

"बयाणा दिलात का, काका?"

"नाय अजून."

"शाब्बास. एक रुपया द्यायचा नाही. आधी जागा कोणाची ते बघू, मग सोसायटीची एनओसी, मग करार, त्यावर स्टँप ड्युटी, मग नोंदणी. किल्ली सगळ्यात शेवटी. लोक उलट करतात. किल्ली घेतात आणि मग माझ्याकडे रडत येतात."

मी मान हलवत होतो. बाबांनी बाहेर आल्यावर विचारलं, "समजलं ना सगळं?" मी हो म्हटलं. निम्मंच समजलं होतं.

घर मिळालं ते गोरेगाव पूर्वेला, दिंडोशीच्या एका वसाहतीत. वसाहतीतली अगदी शेवटची इमारत, दुसरा मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर. इमारतीच्या मागे लगेच डोंगर आणि झाडी, त्यामुळे खोलीत भर दुपारीही दिवा लावावा लागे. विकणाऱ्या आजी एकट्याच राहायच्या. मालवणकडच्या. त्यांनी तोंड उघडलं आणि बाबांचा चेहरा खुलला, कारण आमचं गावही त्याच बाजूचं. आजींचे गुडघे गेले होते, जिने होत नव्हते, आणि गावी बहिणीकडे जाऊन राहायचं त्यांच्या मनात होतं.

आईने भिंती बघितल्या, मशीन कुठे बसेल ते हाताने मोजलं. मग ती मागच्या गॅलरीत गेली. तिथे दोरीवर पुरुषाचा एक आकाशी शर्ट होता. नुकताच धुतलेला, पाणी टिपकत होतं.

"घरात अजून कोण असतं, काकी?" आईने विचारलं.

"कोण नाय गो. मी एकटीच."

जिना उतरताना आई मला म्हणाली, "शर्ट बघितलास?" मी म्हटलं, शेजारच्यांचा असेल. "शेजारचे आपला शर्ट हिच्या घरात कशाला वाळत टाकतील रे?"

पुढच्या वेळी वकीलबाई कागद बघायला आमच्याबरोबर आल्या. जागा आजींच्या नवऱ्याच्या नावावर होती आणि ते वारले होते. म्हणजे वारस दोन, एक आजी आणि एक त्यांचा मुलगा.

"मुलगा कुठे असतो?" वकीलबाईंनी विचारलं.

"भायर गेलोहा."

"बाहेर म्हणजे? गल्फला?"

"ता माका म्हायत नाय. 'जरा जावन येतंय' म्हणान गेलो." आजी हे अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, जणू तो कोपऱ्यावर दूध आणायला गेलाय. मग कळलं की त्याला कित्येक वर्षं झाली. पोलिसात बेपत्ता म्हणून तक्रार केली होती, तिचं पुढे काही झालं नाही. आईची नजर गॅलरीकडे गेली. आजींना ते दिसलं. "कपाटात ऱ्हवले तर वास येता," त्या म्हणाल्या. "म्हणान धुतंय."

त्या दिवशी दोरीवर पांढरा शर्ट होता.

वकीलबाईंनी खाली येऊन सगळं समजावलं. मुलगा येऊन हक्कसोडपत्रावर सही करेल तर उत्तम. नाहीतर कोर्टाकडून तो मयत असल्याचं ठरवून घ्यावं लागेल, इतकी वर्षं पत्ता नसेल तर ते होतं. त्या परत वर गेल्या आणि आजींना तसं सांगितलं. आजींचा आवाज जिन्यात आमच्यापर्यंत आला.

"माज्या तोंडान त्येका मेलो म्हणू? नाय. घर नको इकूक मग."

बाबा पायरीवर बसून राहिले. आमच्या खोलीचा करार संपत आला होता आणि इतक्या बजेटमध्ये दुसरं घर नव्हतं, हे आम्हाला फिरून फिरून कळलं होतं.

मग वकीलबाईंनी दोन गोष्टी केल्या. जिथे तक्रार होती त्या पोलीस ठाण्याला पत्र लिहिलं, की या प्रकरणाचं काय झालं ते कळवा. आणि पेपरात जाहीर नोटीस दिली. ही नोटीस कुठलंही जुनं घर घेताना देतात. इंग्रजी पेपरात एक आणि मराठी पेपरात एक. आम्ही मराठी पेपर आणला आणि मी मोठ्याने वाचून दाखवली. सदर सदनिकेवर कोणाही व्यक्तीचा वारसा, गहाण, दान, ताबा वा अन्य कोणत्याही प्रकारे हक्क, हितसंबंध अथवा दावा असल्यास त्यांनी मुदतीत कळवावे, अन्यथा असा कोणताही हक्क नाही, आणि असल्यास तो सोडून दिला आहे, असे समजण्यात येईल.

बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "हां. म्हणजे गाऱ्हाणं."

ज्यांना कोकणातलं गाऱ्हाणं माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. काही नवं सुरू करताना नारळ ठेवून घरातला मोठा माणूस देवाला आणि त्या जागेच्या राखणदाराला मोठ्याने सगळं सांगतो. आम्ही कोण, इथे का आलो, काही राहून गेलं असेल, कोणाचं देणं-घेणं, मानपान चुकला असेल तर सांभाळून घे. प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. बाबांचं म्हणणं असं की पेपर फक्त जिवंत माणसं वाचतात. जागेने पण ऐकायला पाहिजे ना.

मला लाज वाटली होती. कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने बापाला थांबवायला हवं, असं काहीतरी मनात होतं. पण आजींना विचारलं तर त्यांनी लगेच होकार दिला. त्यांनाच ते हवं होतं असं वाटलं.

रविवारी संध्याकाळी आम्ही गेलो. मधल्या खोलीत नारळ आणि विडा ठेवला. बाबा हात जोडून उभे राहिले. "बा जागेवाल्या म्हाराजा, आज ही लेकरां तुज्या दारात उभी ऱ्हवली हत..."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. आजींचा आवाज सगळ्यात मोठा होता.

मध्येच आई हळूच म्हणाली, "पत्ता नीट सांगा हां. नाहीतर देव 'बी' विंगमध्ये जायचा."

बाबांनी ते खरंच मनावर घेतलं. मला म्हणाले, "ती नोटीस वाच. तिच्यात सगळं बरोबर लिहिलंय." माझ्याकडे कात्रण होतंच. मी वाचायला लागलो. इमारत, मजला, सदनिका क्रमांक, आजींच्या नवऱ्याचं नाव, मग मुलाचं नाव. पेपरातली भाषा त्या खोलीत वेगळीच ऐकू येत होती. कोणाही व्यक्तीचा हक्क, हितसंबंध अथवा दावा असल्यास. "व्हय म्हाराजा." त्यांनी कळवावे. "व्हय म्हाराजा." पुढचं, दावा सोडून दिला आहे असे समजण्यात येईल, हे वाक्य मी वाचणार तोच आजींनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"पुरे. तितक्याच ऱ्हवांदे," त्या म्हणाल्या.

बाबांनी नारळ फोडला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, कोणीतरी दमून चढावं तशी. दुसऱ्या मजल्यावर, आमच्या दाराबाहेर, ती थांबली. पुढे वर गेली नाहीत, खाली उतरली नाहीत. आजी गुडघ्यांवर हात ठेवत उठल्या आणि त्यांनी दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. समोरच्या बंद घराची चप्पल-मांडणी आणि जिन्याचा दिवा.

"इमारतीतलं कोणीतरी असेल," बाबा म्हणाले.

आजींनी दार लावलं नाही. आम्ही निघालो तेव्हाही ते उघडंच होतं.

वकीलबाईंना मी हे फोनवर सांगितलं तेव्हा त्या आधी खूप हसल्या. मग म्हणाल्या, "अरे यार, नोटीस कोणी येऊ नये म्हणून देतात. तुम्ही बोलावणं करून आलात की!"

नोटिशीची मुदत संपायच्या आत त्यांचाच फोन आला. मी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये होतो. त्या हसत नव्हत्या. कोणा पुरुषाने त्यांना फोन केला होता. म्हणाला, मी त्या आजींचा मुलगा, पेपरात वाचलं, माझी काही हरकत नाही, येतो. एवढंच. नंबर परत लावला तर लागत नव्हता. "पण चांगलंय ना," त्या म्हणाल्या. "आला तर सही घेऊ. तुमचं काम झालं."

तो आला. आम्ही तिघं आणि वकीलबाई दिंडोशीला गेलो तेव्हा तो खोलीत भिंतीला टेकून बसला होता. चाळिशीचा, हडकुळा, केस बारीक कापलेले. आजी स्वयंपाकघरातून ये-जा करत होत्या आणि त्यांचे गुडघे त्या दिवशी दुखत नव्हते. त्याने तो आकाशी शर्ट घातला होता. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर संपत होत्या. मी बघतोय हे आजींच्या लक्षात आलं.

"हात लांब झाले रे तुजे," त्या त्याला म्हणाल्या, आणि कौतुकाने बाही ओढून बघितली.

"व्हय," तो म्हणाला.

तो सगळ्याला व्हय म्हणायचा. इतकी वर्षं कुठे होतास, असं बाबांनी विचारलं, तर म्हणाला, "होतो भायर." वाईट वागला असं मी म्हणणार नाही. उलट फार शांत होता. थोड्या वेळाने अंधारून आलं. त्या खोलीतलं दिव्याचं बटण कपाटाच्या मागे होतं, आम्हाला पहिल्या दिवशी ते सापडलंच नव्हतं. त्याने बसल्या जागेवरून, न बघता, हात कपाटामागे घातला आणि दिवा लावला. आईने माझा हात घट्ट धरला.

वकीलबाईंनी ओळखपत्र मागितलं. आणतो, म्हणाला. पुढच्या आठवड्यात विचारलं, तेव्हाही आणतो म्हणाला. नोंदणीच्या वेळी काय असतं, ते मला तेव्हा कळलं. कार्यालयात फोटो काढतात, अंगठा घेतात, आणि दोन माणसं लागतात, जी सही करून सांगतात की या व्यक्तीला आम्ही ओळखतो. इमारतीत विचारलं. तळमजल्यावरचे एक काका म्हणाले, "तो? तो नव्हे. तो गोरा होता." त्यांची बायको म्हणाली, "उन्हात फिरला असेल, माणूस काळवंडत नाही का? तोच आहे. चालतो तसाच." पण सही करायला दोघंही तयार होईनात.

ज्या एजंटने आम्हाला हे घर दाखवलं होतं त्याला हे कळलं तेव्हा तो बाबांना बाजूला घेऊन म्हणाला, "टेन्शन नको, साक्षीदार मी उभे करतो. रोज करतो."

त्या रात्री आमच्या घरात जेवण झालं नाही नीट. आई मशीनजवळ बसून होती, चालवत नव्हती. सही केली की घर. कोणी बघणार नव्हतं, विचारणार नव्हतं. शेवटी बाबा म्हणाले, "ओळखत नाही त्याला ओळखतो असं दुसऱ्याच्या तोंडून कसं म्हणवायचं? आणि उद्या खरा आला तर त्याला मी कुठल्या तोंडाने दार उघडू?"

"मग विचारा ना म्हातारीला सरळ," आई चिडून म्हणाली. "आई आहे ती. तिला नाही कळणार?"

मी आणि बाबा गेलो. तो घरात नव्हता, आजी म्हणाल्या मासे आणायला गेलाय. बाबा त्यांच्या शेजारी खाली बसले.

"काकी, राग मानू नको. ह्यो तुजोच झील मां?"

आजी तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. "बोलावलात तुमी," त्या म्हणाल्या, "आनि इचारतास माका?"

बाबांनी तांदळातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

मग आजींनी तांदूळ बाजूला ठेवले आणि अगदी मायेने, बाबांच्या पाठीवर हात फिरवत सांगितलं, "घर आता नाय इकूचा रे. झील इलो मां माजो. त्येका खय ठेवू?"

यात त्यांचं काहीच चुकीचं नव्हतं. जागेवर ज्याचा दावा होता तो आला होता, आणि आम्ही तोंडभर व्हय म्हाराजा म्हणून त्याला आणलं होतं. बयाणा दिला नव्हता, त्यामुळे कायद्याने आमचं काही बुडालं नाही. वकीलबाईंनी नोटिशीचा खर्चही घेतला नाही. त्या दिवशी आम्ही जिना उतरताना तो समोरून आला, हातात मासळीची पिशवी. तो कडेला झाला, आम्हाला वाट दिली. मी वळून बघितलं नाही. दुसऱ्या मजल्यापर्यंतची त्याची पावलं मात्र मी ऐकली. सावकाश, दमून चढावी तशी.

पुढे आम्ही मुलुंडला भाड्याने गेलो. आईने मशीन भिंतीला लावली नाही, खोलीच्या मधोमध ठेवली, आणि बाबांनीही तिला विचारलं नाही का. मी अभ्यासाला लागलो. घराचे कागद समोर आले नाहीत तर बरं, असं वाटायचं. पण कधीतरी पेपर चाळताना जाहीर नोटिशींचं पान आलं की मी ते पटकन उलटतो, मोठ्याने तर कधीच वाचत नाही. घरातही सगळ्यांना हे माहीत आहे.

मागच्या महिन्यात वकीलबाईंचा फोन आला. आमच्या व्यवहाराचा आता काही संबंध उरला नव्हता, तरी त्या म्हणाल्या, तुम्हाला सांगायला हवं असं वाटलं. पोलीस ठाण्याला त्यांनी तेव्हा जे पत्र लिहिलं होतं, त्याचं उत्तर आता आलं होतं. जुनी बेपत्ता फाईल कोणीतरी उघडली, आणि ती दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका सरकारी इस्पितळातल्या बेवारस मृत्यूच्या नोंदीशी जुळली. अंगावरच्या खुणा, फोटो, सगळं. आजींचा मुलगा वारला होता. आमची नोटीस निघायच्या कितीतरी वर्षं आधी.

मी विचारलं, "आजींना सांगितलं?"



"हवालदार गेला होता सांगायला," वकीलबाई म्हणाल्या. "दार त्या माणसानेच उघडलं. सगळं शांतपणे ऐकून घेतलं म्हणे. आणि म्हणाला, 'माज्या आयेक मी सांगतंय.'"